लाइट लुकलुकली की आधी बल्ब बदलू नका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन. प्रात्यक्षिक कागदावर उतरवता येत नाही, म्हणून छापताना दोन-चार ठिकाणी थोडी भर घातली आहे.)



रौप्यमहोत्सवाचं भाषण म्हटलं की स्टेज असतं, हार असतो, समई असते. इथं एक टेबल आहे, त्यावर पाने-पक्कड मांडलेत आणि शेजारी माझी जुनी गाडी बॉनेट उघडून उभी आहे. सचिवांनी मला विचारलं, ‘काका, तुम्ही कोणत्या विषयावर बोलाल?’ म्हटलं, मला एकच विषय येतो. एकतीस वर्षं एसटीत इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. ‘सहकार चळवळीची वाटचाल’ यावर बोलायला आपल्यात माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत. मी आपला गाडीच्या लाइटवर बोलतो.

आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा गावाचं नाव उस्मानाबाद होतं, आज धाराशिव आहे. त्या वेळी या पार्किंगमध्ये सायकली, लुना आणि मोजून तीन चारचाकी होत्या. पोरं इथं क्रिकेट खेळायची. आता गाड्या लावायला जागा नाही, त्यावरून दर सभेत भांडण होतं. म्हणजे गाड्या वाढल्या. पण गाडीची लाइट फडफडायला लागली तर काय करायचं, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. (तीन हात वर झाले. त्यांतला एक माझा नातू.)

विषय साधा आहे, पण तो निवडायला कारण आहे. ते आधी सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, तरी सांगतो.

ज्योतीच्या उजेडात दिसलेली पोरं

घटस्थापनेच्या आदल्या रात्रीची गोष्ट. नळदुर्गला मावसभावाकडे गेलो होतो. जेवण उरकून निघायला उशीर झाला. गाडीत मी, आमच्या सौभाग्यवती आणि मागच्या सीटवर झोपलेली नात. तुळजापूरमार्गे घरी यायचं होतं.

त्या रात्री आपल्या जिल्ह्यातले रस्ते कसे असतात, हे तुम्हाला सांगायला नको. गावोगावच्या मंडळांची पोरं तुळजापूरला येतात, आईच्या मंदिरात ज्योत पेटवतात आणि ती हातात घेऊन पळत आपापल्या गावी जातात. रात्रभर रस्त्यावर अनवाणी पोरं असतात. पुढं कोजागरीला सोलापूरकडून पायी येणाऱ्यांचा लोंढा असतो. त्यानंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. वर्षातले कितीतरी महिने आपल्याकडं रात्रीच्या रस्त्यावर असं काही ना काही असतं, जे फक्त आपल्या हेडलाइटच्या भरवशावर चाललेलं असतं.

माझ्या गाडीची लाइट पावसाळ्यापासून फडफडत होती. गतिरोधकावरून गेलं की दोन्ही दिवे एकदम बारीक व्हायचे आणि परत यायचे. मी काय केलं? दोन्ही बल्ब बदलले. आठ दिवस बरं वाटलं, मग परत तेच. मग वाटलं, बल्बच हलका लागला, म्हणून पुन्हा एकदा चांगले बल्ब आणले. तिसऱ्यांदा फडफडायला लागल्यावर म्हटलं, बघू सवडीनं. एकतीस वर्षं लोकांच्या गाड्यांची लाइट दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या गाडीला ‘बघू सवडीनं’ म्हणत होता.

त्या रात्री तुळजापूरच्या अलीकडं एका गावापाशी गतिरोधक आला. गाडी उतरली, आदळली आणि दोन्ही दिवे गेले. बारीक नाही झाले, गेले. समोर काळा अंधार. मी ब्रेकवर पाय दाबला आणि त्या अंधारात पुढं एक ज्योत दिसली. ज्योतीच्या उजेडात पाच-सहा पोरांचे चेहरे दिसले, अर्धा रस्ता व्यापून माझ्याकडंच पळत येत होते. गाडी थांबली तेव्हा आमच्यात फार अंतर उरलं नव्हतं. मग दिवे आपोआप परत लागले, जणू काही झालंच नाही.

मंडळी, ती पोरं मला माझ्या हेडलाइटनं दिसली नाहीत. त्यांच्या ज्योतीनं दिसली. ज्योत पुढच्या गड्याऐवजी मागच्याच्या हातात असती तर? हा विचार मला अजून रात्री उठवतो.

पोरं काचेपाशी आली. एक जण म्हणाला, ‘काका, लाइट गेली व्हय?’ ना शिवी, ना आरडाओरडा. त्यांच्यासोबत एक मोटारसायकल होती. त्या पोरानं गाडी वळवली, पुढच्या फाट्यावरच्या हॉटेलपर्यंत माझ्यापुढं उजेड धरून चालला आणि परत आपल्या ज्योतीमागं गेला. नावही विचारायचं राहिलं. सौभाग्यवती घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. जिना चढताना एवढंच म्हणाल्या, ‘लोकाच्या गाड्या बऱ्या नीट करत होतात.’

दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसवला आणि मी खाली पार्किंगमध्ये आलो. दोष सापडायला पाऊण तास लागला आणि दुरुस्तीला वीस मिनिटं. खर्च झाला पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा आणि एका लगचा. तो दोष कसा शोधायचा, तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी चार प्रश्न

आमच्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक नव्या पोरांना एकच धडा द्यायचे: बल्ब जळतो किंवा चालतो, फडफडतो तो बहुतेक वेळा जोड. जोड म्हणजे जिथं एक धातू दुसऱ्या धातूला टेकतो ती जागा. टर्मिनल, होल्डर, अर्थचा बोल्ट, रिलेचा पाय, स्विचचा पॉइंट. बॅटरीपासून बल्बपर्यंत आणि बल्बपासून परत बॅटरीपर्यंत करंट जातो त्या वाटेवर अशा दहा-पंधरा जागा असतात. त्यांतली एक सैल झाली की लाइट लुकलुकते. म्हणून आधी पाना उचलू नका, आधी प्रश्न विचारा.

संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर तीन-चार मीटरवर उभी करा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं भिंतीवरचा उजेड बघायचा. गाडीपुढं कोणी उभं राहायचं नाही, पोरं लांब.

पहिला प्रश्न: एक दिवा फडफडतो की दोन्ही? एकच फडफडत असेल तर दोष त्या दिव्यापाशी आहे. त्याचा बल्ब, त्याचा होल्डर, त्याची अर्थ, नाहीतर त्याचा फ्यूज, कारण बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो. दोन्ही एकदम फडफडत असतील तर दोष दोघांच्या सामायिक वाटेवर आहे. माझी चूक इथंच झाली. दोन्ही बल्ब एकाच वेळी, एकाच तालात बिघडतील कसे? हे मी स्वतःला विचारलंच नाही.

दुसरा प्रश्न: डिपरला आणि अप्परला, दोन्हीकडं होतं का? साध्या हॅलोजन एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात, एक डिपरची आणि एक अप्परची. फक्त डिपरलाच फडफडत असेल तर त्या तारेकडं जाणारी वाट, म्हणजे डिपरचा रिले किंवा स्टिअरिंगजवळचा स्विच तपासायचा.

तिसरा प्रश्न: इंजिनचा वेग वाढवला की बदलतं का? रेस दिली की दिवे मोठे आणि सोडली की बारीक होत असतील, आतले दिवे आणि डॅशबोर्डही त्याच तालात हलत असेल, तर हेडलाइटचा दोष नाही. चार्जिंगचा आहे. आपले मेकॅनिक ज्याला डायनॅमो म्हणतात तो अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा बॅटरीची टर्मिनलं बघा.

चौथा प्रश्न: धक्क्यानं होतं का? इंजिन बंद, दिवे चालू, आणि एकानं गाडीचा पुढचा भाग दाबून हलवायचा. हलवल्यावर फडफडलं तर सैल जोड नक्की.

या चार प्रश्नांना एक पैसा लागत नाही. आणि यांची उत्तरं कागदावर लिहून गॅरेजमध्ये गेलात तरी तुमचं अर्धं काम झालं. ‘लाइटचा प्रॉब्लेम आहे’ एवढंच सांगणाऱ्याची गाडी दिवसभर उभी राहते. ‘दोन्ही दिवे, फक्त धक्क्यानं, इंजिन बंद असतानाही’ असं सांगणाऱ्याची गाडी तासात बाहेर पडते.

हात लावण्याआधी

आता काळजीच्या गोष्टी. या ऐकल्याशिवाय कोणी बॉनेट उघडू नये.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरं. पण पाना किंवा अंगठी बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये अडकली तर धातू लाल होतो आणि बोट भाजतं. बॅटरी सोडवायची असेल तर आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळं जवळ बिडी-सिगारेट, काडी काही नको. इंजिन चालू असताना बेल्टच्या आसपास ओढणी, पदर, मफलर, मोकळे केस नकोत. वहिनींना सांगतोय तसंच उपरण्यावाल्या काकांनाही सांगतोय.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चालू असलेला बल्ब लगेच काढू नका, भाजेल.

पिवळ्या कव्हरच्या वायरी साधारण एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी वायरी जास्त व्होल्टेजच्या, तिकडं बघायचंही नाही. आणि ज्यांची गाडी नवी, वॉरंटीत आहे, किंवा ज्यांचा हेडलॅम्प कंपनीचाच बंद एलईडी आहे, त्यांनी चार प्रश्न विचारून थेट सर्व्हिस सेंटरला जायचं.

बॅटरीपासून दिव्याकडं

तपासणी कायम बॅटरीपासून सुरू करायची. बॉनेट उघडा आणि दोन्ही टर्मिनल हातानं पिळून बघा. हाताला हललं म्हणजे सैल आहे. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. टर्मिनलवर पांढरा किंवा हिरवट थर आला असेल तर तो करंट अडवतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालायचा, जुन्या टूथब्रशनं घासायचं, साध्या पाण्यानं पुसायचं. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही. कोरडं करून, आवळून, वरून थोडी व्हॅसलीन. आमच्या डेपोत बसगाड्यांना हे नेमानं व्हायचं. बसची यंत्रणा चोवीस व्होल्टची आणि आपल्या कारची बारा व्होल्टची, पण थर दोन्हीकडं सारखाच येतो.

मग मीटर. हा साधा मल्टिमीटर आहे, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. बटण डीसी २० व्होल्टवर ठेवायचं. लाल काडी पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. गाडी काही तास उभी असेल तर चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. इंजिन चालू असूनही तेराच्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर जात असेल तर जास्त होतंय, बॅटरी आणि बल्ब दोन्ही जातील. आकडा सतत नाचत असेल आणि दिवेही त्याच्याबरोबर नाचत असतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा रेग्युलेटर. ते घरी उघडायचं काम नाही. नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथं नुसत्या आकड्यावरून निकाल देऊ नका. दिवे फडफडतात का, ते महत्त्वाचं.

चार्जिंग ठीक निघालं तर दिव्याकडं वळा. एकच दिवा फडफडत असेल तर डावा बल्ब उजवीकडं आणि उजवा डावीकडं लावून बघा. फडफड बल्बाबरोबर दुसरीकडं गेली तर बल्ब दोषी. तिथंच राहिली तर होल्डर, फ्यूज किंवा वायर. होल्डर काढून नीट बघा. प्लास्टिक तपकिरी झालंय, वितळलंय, आतली पत्ती काळी पडलीय, तर तो नवा घ्या. आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ दोन्ही होल्डरचे वैरी. उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, धूळ आत बसते आणि पहिल्या पावसात तिला ओल मिळाली की पत्तीला गंज चढतो. पावसाळा सुरू झाल्यावर या तक्रारी वाढतात, त्याचं हे एक कारण.

दोन्ही दिवे असतील तर रिले बघा. फ्यूजच्या डब्यात झाकणावर नकाशा असतो. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि हेडलाइटचा रिले एकाच नंबरचा असतो. नंबर तंतोतंत सारखा असेल तरच अदलाबदल करून बघा. लाइट सुधारली तर रिले बदला, काम संपलं.

आणि आता अर्थ. सगळ्यात जास्त फसवणारी जागा. करंट बल्बपर्यंत वायरनं जातो, पण परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. दिव्याची काळी किंवा तपकिरी वायर कुठंतरी बोल्टनं पत्र्याला टेकवलेली असते. तो बोल्ट सैल झाला, तिथं गंज आला किंवा मध्ये रंग आला, की परतीची वाट अडते.

ती मोजायची कशी? इंजिन बंद, हेडलाइट चालू. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी दिव्याच्या अर्थ वायरला टेकवा. वाट मोकळी असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवेल. ०.२ पर्यंत चालतं. जास्त दाखवलं तर तेवढे व्होल्ट मधल्या जोडात खर्च होताहेत. काही गाड्यांत स्विच अर्थच्याच बाजूला बसवलेला असतो, तिथं हा आकडा स्विचसकट येतो, एवढं ध्यानात ठेवा.

माझ्या गाडीत मीटरनं दाखवलं १.३ व्होल्ट! बारा व्होल्टांतले सव्वा व्होल्ट एका बोल्टापाशी जात होते. हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड साधारण तीस टक्के घटतो. म्हणजे फडफड नसतानाही मी कित्येक महिने तीन-चतुर्थांशापेक्षा कमी उजेडात गाडी चालवत होतो आणि म्हणत होतो, वय झालं, रात्रीचं दिसत नाही. शिवाय ते हरवलेले व्होल्ट कुठं जातात? उष्णतेत. त्या एका बोल्टापाशी दहा-अकरा वॅट उष्णता तयार होत होती. जोड तापतो, तापल्यानं आणखी सैल होतो, सैल झाल्यानं आणखी तापतो.

बोल्ट काढला तेव्हा कळलं. आदल्या वर्षी गाडीला पुढं पोचा पडला होता, तिथं पत्रा सरळ करून रंग मारला होता. अर्थचा लग त्या नव्या रंगावरच बसवला होता. दोन्ही दिव्यांची अर्थ त्याच बोल्टवर. रंग करणाऱ्याला दोष देत नाही. गाडी परत आल्यावर तपासायला मी होतो ना, आणि मी तपासली नाही.

रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत केला. जुना लग काळा पडला होता, तो कापून नवा दाबून बसवला. वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळला, वरून व्हॅसलीन. मीटर परत लावला, ०.०५ व्होल्ट. भिंतीवरचा उजेड बघून वरून सौभाग्यवतींनी विचारलं, ‘नवीन बल्ब आणले का?’ म्हटलं, नाही, तेच आहेत.

चार वाईट सवयी

पहिली, जास्त वॅटचा बल्ब. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. बाजारात १००/९० मिळतो आणि आपण खुश होतो. हिशेब करा. डिपरवर ५५ वॅटचे दोन बल्ब साधारण नऊ अँपिअर घेतात, ९० वॅटचे दोन पंधरा. वायर, होल्डर, स्विच मात्र नऊसाठीच केलेले. करंट दीडपटीच्या थोडा वर गेला की जोडातली उष्णता अडीचपटीहून जास्त होते. होल्डर वितळतो. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात आणि तो आपल्यावर येतो.

दुसरी, फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं. फ्यूज उडतो म्हणजे तो काही सांगतोय. त्याचं तोंड बंद केलं तर पुढं वायर बोलते, धूर काढून.

तिसरी, वायर पिळून वर टेप गुंडाळणं. मे महिन्यात बॉनेटखाली टेपचा डिंक सुटतो. जोड दाबून किंवा सोल्डर करून, वर आकसणारी नळी बसवून करायचा.

चौथी, आधी एलईडी बल्ब टाकायचे आणि मग ते लुकलुकतात म्हणून वायरिंग फाडायचं. काही गाड्यांचा कॉम्प्युटर बल्ब शाबूत आहे का हे तपासायला बारीक ठोके पाठवतो. हॅलोजनला ते जाणवत नाहीत, एलईडी त्यांवर लुकलुकतो. मूळ हॅलोजन परत लावून बघा. फडफड थांबली तर वायरिंग निर्दोष आहे. आणि पोरांनो, मोबाइलच्या व्हिडिओत एलईडी लुकलुकताना दिसला म्हणून घाबरू नका. ते कॅमेऱ्याचं आणि एलईडीचं जुळत नाही म्हणून दिसतं. डोळ्यांना दिसतं का, ते सांगा.

एक जाता जाता. आपल्या पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यांजवळ लावलेल्या गाड्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्याचं मी स्वतः दोनदा पाहिलंय. त्याचा इलाज मीटरमध्ये नाही, सोसायटीच्या सभेत आहे. डबे हलवा.

रस्त्यातच लाइट फडफडली तर

घाबरायचं नाही. वेग कमी करा, चारी इंडिकेटर लावा, डिपर-अप्पर बदलून बघा. एक वाट बिघडली तरी दुसरी चालू असू शकते. रस्ता सोडून पूर्ण बाजूला थांबा. बॅटरीचा लाल दिवा लागला असेल तर एसी, पंखा, गाणी बंद करा, म्हणजे उरलेली वीज दिव्यांना मिळेल. जळका वास आला तर इंजिन बंद, चावी काढा, सगळ्यांना खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. आणि ‘दहाच किलोमीटर राहिलेत’ असं म्हणून पार्किंग लाइटवर पुढं जाऊ नका. मी त्या रात्री पुढं गेलो ते त्या पोराच्या मोटारसायकलमागं, तेही फाट्यापर्यंतच. तिथून धाकट्या भावाला फोन करून बोलावलं आणि त्याच्या गाडीमागं घर गाठलं.

आता अध्यक्षांकडं एक मागणं आहे. रौप्यमहोत्सवाच्या खर्चातून हार-तुऱ्यांचा थोडा भाग वाचवून सोसायटीच्या ऑफिसात एक मल्टिमीटर, एक पाना सेट आणि एक टॉर्च ठेवावी. रजिस्टरमध्ये सही करून कोणीही न्यावं. मीटर कसा धरायचा ते मी शिकवीन, रविवारी सकाळी, फी एक कप चहा. आणि दरवर्षी घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी सगळ्यांनी आपापली गाडी या भिंतीसमोर पाच मिनिटं लावावी. देवीच्या वाटेवर चालणाऱ्या पोरांसाठी एवढं आपल्याला जमेल.

भाषण संपलं. टाळ्या नंतर वाजवा. बी विंगच्या वहिनींची गाडी आधी घ्या, त्यांचा उजवा दिवा मी आठ दिवस गच्चीवरून बघतोय, लुकलुकतो. वहिनी, चावी द्या. नाही, थांबा, तुम्हीच बसा आत आणि लाइट लावा. मी भिंतीकडं बघतो.